शेतात वापरायची सुरी कशी निवडावी?



आंबिया बाराची संत्री तुटून गाडीत भरली गेली की बागेत दुसरी कामे निघतात. वाळलेली सल काढायची असते, खोडावरचा डिंक खरवडायचा असतो, ठिबकच्या फाटलेल्या नळ्या कापून जोडायच्या असतात, बैलांचे जुने दोर तोडून नवे बांधायचे असतात. या प्रत्येक कामाला हात सुरीकडे जातो. आपल्या मोहगाव, सौंसर, पांढुर्णा भागात विळा, खुरपे आणि कुऱ्हाड ही हत्यारे लोक पारखून घेतात. सुरी मात्र बहुधा बाजारात चकाकताना दिसली, हातात बरी वाटली, म्हणून घेतली जाते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिची मूठ हलू लागते, धार पडते, आणि एके दिवशी ती लाकडाऐवजी हातात शिरते. धारदार सुरीपेक्षा बोथट सुरीने अधिक जखमा होतात, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोराने चालवलेले हत्यार निसटले की कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून या वेळी सुरी घेताना काय पाहावे ते जरा सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न मिटणाऱ्या चाकूचा. तरुण मंडळींना तो आवडतो, कारण तो खिशात मावतो. पण त्याचे सारे बळ एका लहानशा खिळीवर असते. त्या सांध्यात माती आणि संत्र्याचा चीक शिरतो, गंज धरतो, आणि आडव्या जोराने खिळी ढिली होते. पाते मागे मिटले तर ते थेट पकडलेल्या बोटांवर येते. अशा कापण्यात बोट वाकवणारी शीर, म्हणजे स्नायूची दोरी, तुटते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर ते बोट पुन्हा नीट मुडपत नाही. कापूस वेचणाऱ्या माणसाला हे किती महाग पडते ते सांगायला नको. डोळा भरण्याचा मिटता चाकू निराळा. तो रोपवाटिकेत बसून हलक्या हाताने वापरायचा असतो. शेतात दिवसभर राबवायची ती सुरी न मिटणारी, एका अखंड पात्याचीच असावी.

आता त्या पात्याकडे येऊ. पण आधी पाते नव्हे, मूठ पाहावी, असे माझे म्हणणे आहे. सुरी मोडते ती बहुतेक वेळा पात्यात नव्हे तर पाते मुठीत जिथे शिरते तिथे. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला आपण शेपटी म्हणू. स्वस्त सुरीत ही शेपटी दीड-दोन इंचांची, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती असते; ती तापवून लाकडात ठोकलेली असते किंवा लाखेने बसवलेली असते. चैत्र-वैशाखात आपल्याकडच्या उन्हाने लाकूड सुकून आकसते, भोक सैल होते आणि पाते हलू लागते. पुष्कळ लोक ती सुरी रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते, दोन दिवस मूठ घट्ट वाटते, पण आतली शेपटी त्या ओलीने गंजत जाते. मग एक दिवस ती आतल्या आत तुटते, आणि बाहेरून काही दिसत नसल्यामुळे माणूस बेसावध असतो.

चांगल्या सुरीची शेपटी पात्याएवढीच जाड आणि मुठीच्या टोकापर्यंत गेलेली असते. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या लावून त्या दोन-तीन आरपार रिबिटांनी ठोकलेल्या असतात. अशा मुठीच्या कडेकडून पाहिले तर दोन लाकडांच्या मध्ये लोखंडाची रेघ पुढून मागपर्यंत दिसते. ही रेघ दिसली नाही तर दुकानदाराला विचारावे, आणि त्याने नीट सांगितले नाही तर सुरी परत ठेवावी. पाते आणि शेपटी यांच्या सांध्यावर काटकोनी खाच असेल तर तीही वाईट; चिरा तिथूनच सुरू होतात. तो कोपरा गोलसर असावा.

लोखंडाला दांडा घट्ट बसवणे ही अडचण फार जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे १९७० च्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. कुऱ्हाडीला भोक नाही. पाते दांड्यावर ठेवून लोखंडी पट्ट्या आडव्या-तिडव्या फिरवून ते जखडलेले. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे त्याच दशकात लोखंड गाळण्याची भट्टीसुद्धा सापडली. या वस्त्या अडीच हजार वर्षांहून जुन्या आहेत. म्हणजे आपल्या दारापासून दिवसभराच्या अंतरावर त्या काळचा लोहारही पाते निसटू नये याचाच विचार करीत बसला होता.

मुठीचे लाकूड तिवस, शिसम किंवा जुन्या बाभळीचे असावे. ते चिवट असते आणि लवकर तडकत नाही. मूठ गोल नसावी. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि धार कुठल्या बाजूला आहे हे न पाहता कळत नाही. अंडाकृती मूठ हाताला आपोआप सांगते. पात्याकडच्या बाजूला बोट अडेल असा थोडा उंचवटा हवा, नाही तर खुपसताना बोट घसरून धारेवर जाते. नव्या लाकडाला जवसाचे तेल चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी सुकू देऊन, चोळावे. जवस आपल्याच भागातले पीक आहे, आणि त्याचे तेल वाळून लाकडावर टणक थर धरते. गोडेतेल तसे वाळत नाही, ते चिकट राहते. तेलाने भिजलेले फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि असे फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून सुकवावे.

आता पोलाद. लोखंडात कार्बन किती आहे यावर सारे अवलंबून असते. बांधकामाच्या सळईत किंवा साध्या पट्टीत शंभर भागांत पाव भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी कार्बन असतो. असे लोखंड लाल तापवून पाण्यात बुडवले तरी धार धरण्याइतके कठीण होत नाही. त्याची सुरी पहिल्या दिवशी कापते आणि तिसऱ्या दिवशी कुटते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कार्बन अर्ध्या भागाहून थोडा जास्त असतो, शिवाय सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम असते. तो पाटा हजारो वेळा वाकून सरळ होण्यासाठीच बनवलेला असतो. आपल्या भागातल्या लोहाराकडे हेच सर्वांत भरवशाचे पोलाद आहे. मात्र पाटा वापरून थकलेला, बारीक चिरा पडलेला नसावा. कानशीचे पोलाद याहून कडक असते. त्याची धार फार सुरेख होते, पण नीट मऊ केले नाही तर ते काचेसारखे तुटते. यंत्राच्या तुटक्या आरीपात्यापासून बनवलेली सुरीही हल्ली मिळते. ती कापण्यात उत्तम, पण तिने काही उचकटायला जाऊ नये.

लोहाराकडे कोणते लोखंड आहे हे कळण्याला एक सोपी खूण आहे. फिरत्या सहाणीवर तुकडा टेकवायला सांगावे आणि ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटतात आणि दिवाळीच्या फुलबाजीसारखे काटे सोडतात. ज्याला हे एकदा दिसले त्याला पुन्हा कोणी फसवू शकत नाही.

चांगले पोलादही पाणी नीट दिले नाही तर वाया जाते. पाते चेरीच्या फळासारखे लाल तापवतात; त्या उष्णतेला, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअसला, पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही, आणि लोहार हीच खूण धरून चालतो. त्याहून थोडे वर नेऊन ते तेलात किंवा पाण्यात बुडवले की पोलाद अतिशय कठीण होते. कमानीच्या पाट्याला तेलच बरे. थंड पाण्यात त्याला चिरा जाण्याची भीती असते. पण इथेच थांबलेली सुरी दगडावर पडली तरी दोन तुकडे होते. म्हणून ती घासून उजळ करून पुन्हा मंद तापवावी लागते. मग पात्यावर रंग चढतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा (सुमारे २२० ते २३० अंश), नंतर तपकिरी (सुमारे २५० ते २६०), मग जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. शेतातल्या सुरीच्या धारेला पिवळा आणि तपकिरी यांच्या मधला रंग योग्य. पाठीकडे निळा चालेल, उलट चांगलाच, कारण पाठ चिवट हवी. लोहाराशी बोलताना हे रंग माहीत असले की तोही ओळखतो की गिऱ्हाईक जाणते आहे, आणि काम निगुतीने करतो.

हेच रंग आणखी एका ठिकाणी दिसतात आणि तिथे ते दिसू नयेत. सायकलवर सहाण बसवून धार लावणारे गावोगाव येतात. कोरड्या सहाणीवर पाते दाबून धरले की धारेजवळ निळा डाग पडतो. त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. पुढे कितीही धार लावली तरी तेवढा भाग लगेच बोथट होतो. त्याला दर दोन-चार फेऱ्यांनंतर पाते पाण्यात बुडवायला सांगावे. पैसे तुमचे आहेत, सांगायला संकोच करू नये. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १३ व्या अध्यायात, इस्राएल लोकांना फाळ आणि कुऱ्हाडी पाजळायला शत्रूच्या गावी जावे लागे व त्याचे मोल द्यावे लागे, असा उल्लेख आहे. स्वतःची धार स्वतः लावता आली तर तेवढी तरी परवशता टळते. त्याला कुरुंदाचा एक सपाट दगड पुरतो, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक. पाते इंचभर रुंद असेल तर पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीपेक्षा किंचित वर उचलावी आणि तोच कोन शेवटपर्यंत राखावा. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला नखाला अडणारी बारीक कड लागली की बाजू बदलावी. शेवटी बारीक दगडावर हलके हात द्यावेत.

स्टेनलेस पोलाद घ्यावे की नाही, असे पुष्कळजण विचारतात. त्यात शंभरात अकरा-बारा किंवा अधिक भाग क्रोमियम असते, त्यामुळे ते लवकर गंजत नाही. स्वयंपाकघरात आणि संत्री-लिंबू कापायला ते चांगलेच. पण बाजारातल्या स्टेनलेसमध्ये दोन जाती आहेत. एका जातीची भांडी होतात आणि तिला पाणी चढतच नाही. दुसरीच्या सुऱ्या होतात. लोहचुंबक लावून पाहावा. अजिबात चिकटला नाही तर ते भांड्याचे पोलाद समजून सोडून द्यावे. चिकटला म्हणजे सुरी उत्तमच असे मात्र नाही. साध्या लोखंडालाही तो चिकटतो. मला विचाराल तर ज्याच्या हाताला हत्यार पुसून ठेवायची सवय आहे त्याने कमानीच्या पाट्याची सुरी घ्यावी, आणि जो सुरी आषाढभर बांधावर विसरतो त्याने स्टेनलेसची.

घेण्याआधी एक परीक्षा करावी. वाळलेली पऱ्हाटी घ्यावी, बोटाएवढी जाड, आणि सुरीने तिचे पाच-सहा जोरकस काप काढावेत. मग धार उजेडाकडे धरून पाहावी. धार एका बाजूला वळली असेल तर पाणी कमी आहे. बारीक खांडे पडले असतील तर पाणी जास्त आहे. दोन्ही नसेल आणि सुरी अजून कागद कापत असेल तर घासाघीस न करता लोहाराला त्याचे पैसे द्यावेत. पात्याची पाठ तीन ते चार मिलिमीटर जाड असली म्हणजे पुरे. त्याहून जाड सुरी कुऱ्हाडीसारखी फोडते, कापत नाही.

संत्र्याच्या बागेत सुरीचा आणखी एक धोका आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एक्सोकॉर्टिस नावाचा रोग विषाणूहूनही सूक्ष्म अशा कणांमुळे होतो, आणि तो कापणाऱ्या हत्यारातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. रंगपूर लिंबाच्या खुंटावरचे झाड खुजे राहते आणि खुंटाची साल सोलून निघते. जंबेरीच्या खुंटावर बाहेरून फारसे काही दिसत नाही, आणि म्हणूनच तशा झाडाची फांदी कापून तीच सुरी पुढच्या झाडाला लावली जाते. सुरी ज्योतीवर धरून हे कण खात्रीने मरत नाहीत. उलट सुरीचे पाणी मात्र उतरते. उपाय म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे १ ते २ टक्के द्रावण. बाजारातले पातळ औषध बहुधा ४ ते ५ टक्क्यांचे असते. त्याच्या एका भागात दोन भाग पाणी घालावे आणि प्रत्येक झाडानंतर पाते त्यात बुडवावे. हे द्रावण पोलादाला खाते. म्हणून काम संपले की सुरी साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात द्यावा. द्रावण डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि त्यात कुठलेही आम्ल मिसळू नये. विषारी वायू निघतो.

डिंक्या रोगात खोडाची सडलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत सुरीने खरवडून काढतात आणि वर बोर्डो मलम लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. हे मलम बिघडले तर झाडाची साल जाळते. ते बरोबर झाले की नाही हे साध्या पोलादी सुरीनेच कळते. पाते घासून लखलखीत करावे आणि मिनिटभर मलमात धरावे. त्यावर तांब्याचा लालसर थर बसला तर मोरचूद मोकळे राहिले आहे. आणखी चुन्याची निवळी घालावी आणि पुन्हा पाहावे. थर बसला नाही तर मलम लावण्याजोगे झाले. स्टेनलेसच्या सुरीवर ही खूण भरवशाची नाही. साध्या सुरीच्या बाजूने माझे हे एक जादा मत. मलम लोखंडी बादलीत कालवू नये हे त्याच कारणाने.

काळजी घेऊनही हात कापतो. स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून दहा मिनिटे न उघडता धरावे आणि हात वर ठेवावा. रक्त थांबले की साबण आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावे. शेण, माती, चुना, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. गंजामुळे धनुर्वात होतो अशी समजूत आहे. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत. त्यांची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि ती चकचकीत सुरीवरूनही खोल जखमेत जातात. पूर्वी विळ्याने नाळ कापलेली बाळे आठव्या दिवशी आकडी येऊन दगावत, ती याच जंतूंमुळे. स्वच्छ बाळंतपण आणि लस यांमुळे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. मोठ्या माणसांचा धोका मात्र संपलेला नाही. शेतातली मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटची टीडीची सुई घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर लगेच आरोग्य केंद्रात जाऊन ती घ्यावी. कापलेल्या जागेच्या पुढे बोट सुन्न असेल किंवा मुडपत नसेल तर रक्त थांबले तरी दवाखाना गाठावा, आणि तोही त्याच दिवशी.

राहता राहिली सुरीची लांबी आणि कायदा. शेताच्या कामाला साडेचार ते पाच इंचांचे पाते भरपूर होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मध्य प्रदेश शासनाने २२ नोव्हेंबर १९७४ रोजी काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे, सार्वजनिक जागी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार बाळगणे गुन्ह्यात येऊ शकते. बटनाचा, स्प्रिंगने उघडणारा चाकू तर कितीही लहान असला तरी. बाजारात मिळतो म्हणून तो बाळगायला मोकळीक आहे असे तरुणांनी समजू नये. पाच इंचांची साधी सुरीसुद्धा शेतावर जाताना जाड चामड्याच्या म्यानात, आणि बसमध्ये पिशवीच्या तळाशी बांधून असावी. म्यानाच्या धारेकडच्या शिवणीत चामड्याची जादा पट्टी घालून घ्यावी, नाही तर धार शिवणीचा दोराच कापते. घरी आल्यावर सुरी म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पाते आत गंजते. ती पुसून, तेल लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला टांगावी. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार पाहायला पांढुर्ण्याला जाणार असाल, तर त्या दिवशी ती खुंटीवरच राहू द्यावी.